दोघांचा रंधा

माझी मावशी खोटं बोलत नाही. हे मी भाची म्हणून सांगत नाही, तिला ओळखणारं कोणीही सांगेल. ती इतकी सरळसोट बाई आहे, की खोटं बोलायला जी थोडीफार कल्पनाशक्ती लागते तीच तिच्याकडे नाही. साधा विनोद सांगायचा झाला तरी शेवट आधी सांगून मोकळी होते.

म्हणून तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते आहे. काही गोष्टी मी स्वतः पाहिल्या. त्या कुठल्या ते ओघात येईलच.

अशा गोष्टी सहसा रात्री घडतात. अंधार असतो, दिवे गेलेले असतात.

ही भर दुपारी घडली.

हिवाळ्यातला शनिवार होता. लाकडाच्या वखारीमागे दुकानांची एक ओळ आहे, तिच्या अगदी टोकाची खोली. खिडकीतून ऊन थेट कामाच्या बाकावर पडलं होतं. समोर कोणीतरी स्कूटर धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

आणि आत मावशी एकटी होती.

निदान बाहेरून पाहणाऱ्याला तसंच वाटलं असतं...

आधी तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, फर्निचर बनवायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मूलबाळ नव्हतं. लग्न होऊन आल्यावर मावशी एकदा डबा द्यायला म्हणून दुकानात गेली, ती तिथेच राहिली. मोठी फळी सपाट करायची तर हातभर लांब रंधा लागतो, आणि कठीण लाकडावर तो एकट्याला रेटवत नाही. अशा रंध्याला पुढच्या बाजूला एक आडवा दांडा असतो. मागचा माणूस मूठ धरून ढकलतो, पुढचा दांडा धरून ओढतो.

काका ढकलायचे. मावशी ओढायची.

समोरासमोर, दिवसभर. फळीचं टोक आलं की काका म्हणायचे, "सोड." मावशी दांडा सोडायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

"आमचा अख्खा संसार त्या एका शब्दावर झाला," ती म्हणायची. "बाकी बोलायला त्यांना वेळ कुठे होता?"

काका अचानक गेले. दुकानातली यंत्रं विकली गेली. एकट्या बाईला कपाटं, पलंग बनवणं शक्य नव्हतं. पण रंध्यातलं तिला सगळं कळत होतं. तिने जुने रंधे दुरुस्त करायला घेतले. कोणाच्या माळ्यावर पडलेले, कोणी भंगारात काढलेले. ते नीट करायचे आणि हौसेने सुतारकाम करणाऱ्यांना द्यायचे. अशी माणसं बरीच आहेत, हे तिला तेव्हाच कळलं. तिचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे एक डेंटिस्ट. तो सुट्टीच्या दिवशी फोटोफ्रेम बनवायचा आणि रंधा हातात घेतला की आधी त्याचं तोंड, म्हणजे पात्यापुढची फट, तपासायचा.

मावशीचं काम सावकाश चालायचं. आधी गंज काढायचा. मग जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून रंध्याचा तळ त्यावर घासायचा. तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या, आणि सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत घासत राहायचं. एक जरी रेघ मधे शिल्लक राहिली तर तिथे खोलगट आहे. पात्याला दगडावर धार लावायची. पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी अशी बसवायची की दोन्हींच्या मधून उजेड दिसता कामा नये. पाचर घट्ट करायची, पण फार नाही. मग फळीवर एक हात मारायचा. लाकडाची कागदासारखी साल वळून वर आली की ती वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची बातमी वाचता आली तर रंधा लागला.

"बातमी वाईट असली तरी चालेल," ती म्हणायची. "दिसली पाहिजे."

घरी तिला करमायचं नाही. घर खायला उठायचं. सकाळचं आवरलं की ती दुकान उघडायची आणि दिवेलागणीला कुलूप लावायची. दुकानात मात्र तिला एकटं वाटत नसे. काम करताना ती मधेच म्हणायची, "अहो, हे बघा जरा." कोणी उत्तर द्यायचं नाही. ती काही वेडी नव्हती, उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण रिकामी खोली वेगळी आणि कोणी गप्प बसलेली खोली वेगळी, असं ती म्हणायची. दुकान गप्प होतं. रिकामं नव्हतं.

हे लक्षात ठेवा.

त्या हिवाळ्यात भंगारवाला एक रंधा घेऊन आला. पोत्यात गुंडाळून, खांद्यावर टाकून.

"मावशी, हे तुमच्यासाठीच बाजूला ठेवलं होतं. उचलून खांदा गेला माझा."

"कुठून आणलंस?"

"एक गोदाम पाडलं. तळात होता. मालकाला माहीतसुद्धा नव्हतं असं काही आहे म्हणून."

काळं, जड लाकूड. पुढे दांडा. मागे बंद मूठ, म्हणजे बोटं आत घालून धरायची. दोघांचा रंधा. काका गेल्यापासून तिने असा रंधा हातात घेतला नव्हता.

तिने पोतं बाजूला केलं. धूळ पुसली. आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली...

मागची मूठ अगदी कोरी होती. कडा धारदार, सुताराने नुकतीच घडवल्यासारखी.

पुढचा दांडा झिजून निम्मा झाला होता.

दोन्ही बाजूंना, जिथे हात बसतात तिथे, लाकूड खोल गेलं होतं. बोटांच्या जागा मोजता येत होत्या. तेवढं झिजायला एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य जातं.

ढकलणाऱ्याचं लाकूड कोरं आणि ओढणाऱ्याचं झिजलेलं, असं होत नाही. दोघं एकदमच काम करतात. मावशीला वाटलं, मूठ नंतर बदलली असेल. तिने भिंगातून पाहिलं. मूठ वेगळी बसवलेलीच नव्हती. त्याच ठोकळ्यातून कोरलेली होती.

"असेल काहीतरी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

त्या रंध्यावर तिने खूप मेहनत घेतली. तळाला पीळ पडला होता, तो काढला. पात्यावर गंजाचे खड्डे होते, ते जाईपर्यंत दगडावर घासलं. पाचर फुटली होती, नवी कोरून बसवली. सगळ्या अंगाला तेल चोळलं. दांड्याला मात्र काही केलं नाही. त्या बोटांच्या जागा तिला घालवाव्याशा वाटेनात.

मग तो शनिवार आला.

तिने बाकावर एक लांब फळी शिकंज्यात आवळून धरली. रंधा तिच्यावर ठेवला. एकटीला रेटवणार नाही, हे तिला माहीत होतं. फक्त पातं लागतंय का, एवढंच बघायचं होतं. तिने मुठीत बोटं घातली आणि जोर लावला.

रंधा जागचा हलला नाही.

तिने पातं किंचित वर घेतलं. पुन्हा जोर लावला.

नाही.

"म्हातारे, तुझ्याच्याने नाही व्हायचं हे," ती स्वतःला म्हणाली. शेवटचं एकदा म्हणून तिने अंगाचा भार टाकला.

आणि रंधा निघाला...

सुर्रर्र करत, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोण्यातून जावा तसा. तोंडातून साल वर आली, वळत वळत तिच्या मनगटावर पडली. अखंड. एवढी पातळ, की खालची शीर दिसत होती.

मावशीला हसू फुटलं. पातं लागलं होतं. तिने हात सैल केला, जोर काढून घेतला.

रंधा आणखी वीतभर पुढे गेला.

तिने ढकललं नव्हतं.

समोर स्कूटर धुणाऱ्याने नळ बंद केला. सगळीकडे शांत झालं. मावशी मुठीत बोटं अडकवून तशीच उभी राहिली.

तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याला काहीच कळलं नसतं. बाक उतरतं असेल, तेल जास्त झालं असेल, असं काहीतरी म्हणून विसरलं असतं. पण मावशीने जन्मभर रंधा ओढला होता. दोन माणसं रंध्यावर असली की लाकडातून एकमेकांचा जोर कळतो. समोरचा दमलाय, रागावलाय, त्याचं लक्ष दुसरीकडे आहे, सगळं हातात येतं.

तिला हातात आलं होतं.

पुढे कोणीतरी होतं.

"अहो?" ती म्हणाली.

तिने रंधा मागे घेतला. पुन्हा फळीवर टेकवला. जोर लावला, आणि तो परत तसाच हलका झाला. समोरून कोणीतरी तोलून, मापून ओढत होतं.

ती घाबरली नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं आहे. ती म्हणते, "घाबरायचं कशाला? मला वाटलं, हे आले."

ती दिवस मावळेपर्यंत रंधा मारत राहिली. मधेमधे डोळे पुसत होती. इतकी वर्षं आपण ओढत होतो तेव्हा मिस्त्रींना हे असं वाटत असेल, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. फळी पातळ होऊन गेली, तिने दुसरी लावली.

त्यानंतर मावशी बदलली.

मी तिला अधूनमधून फोन करायचे. एरवी तिचा आवाज कोरडा असायचा. दात दुखत असले तरी "बरी आहे" आणि बरी असली तरी "बरी आहे". पण त्या दिवसांत ती खुशीत असायची. मधेच गुणगुणायची. मला वाटलं, चला, सावरली एकदाची.

एकदा दुपारी मी विचारलं, "मावशी, जेवलीस का?"

"हो, आत्ताच जेवलो."

जेवलो.

मी म्हटलं, "कोण कोण?"

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला...

"कोण म्हणजे? मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

पुढच्या आठवड्यात डेंटिस्ट त्याचा रंधा न्यायला दुकानात गेला. मावशी दाराकडे पाठ करून काम करत होती, म्हणून तो थोडा वेळ बाहेरच थांबला. ती थांबल्यावर आत आला. खोलीभर गुडघ्याएवढ्या साली साचल्या होत्या. चांगल्या जाड फळ्या घासून घासून पुठ्ठ्यासारख्या झालेल्या, भिंतीला टेकवलेल्या.

"काय हो, मोठी ऑर्डर दिसतेय," तो म्हणाला. "मदतीला माणूस ठेवलात ते बरं केलंत."

"कुठला माणूस?"

तो हसला. इकडेतिकडे पाहिलं. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

"नाही... मघाशी बाहेर उभा होतो. धापा ऐकू येत होत्या. दोघांच्या."

मावशीने त्याचा रंधा काढून दिला. डेंटिस्टने रंधा घेतला. नेहमीसारखं त्याचं तोंडसुद्धा तपासलं नाही, आणि निघून गेला.

तो गेल्यावर मावशीने सवयीने म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

आणि तेव्हा तिला जाणवलं...

शब्द खाली पडले. तसंच सांगते ती. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. इतके दिवस काम करताना ती बोलायची, तेव्हा खोली ऐकायची. ते ऐकणं गेलं होतं. कधी गेलं, तिला आठवेना. बहुतेक रंधा आला त्याच दिवशी. समोर कोणीतरी ओढतंय या आनंदात तिने लक्षच दिलं नव्हतं.

काका नव्हते तिथे.

मग ओढत कोण होतं?

तिने तपासायचं ठरवलं. मावशीच ती. गळा काढून बसणाऱ्यातली नाही. तिने फळी लावली, रंधा ठेवला, मुठीत बोटं घातली. ढकललं. रंधा हलका झाला. पुढे गेला. फळीचं टोक आलं.

काकांनी हजारो वेळा म्हटला असेल तो शब्द तिने म्हटला.

"सोड."

काका असते तर हसले असते. आणि सोडलं असतं.

रंधा थांबला. एक श्वास घ्यावा इतकाच.

मग तो ओढला गेला...

एवढ्या जोरात, की मावशी बाकावर आडवी झाली. बोटं बंद मुठीत अडकलेली. रंधा फळीवरून उतरला, बाकावरून घसटत गेला. तिचा हात, खांदा, ती सगळी त्याच्यामागे. दांडा भिंतीवर आपटला. चुना खाली पडला.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

बाकाचं ते टोक भिंतीला लागून होतं. काका गेल्यावर तिनेच वखारीतल्या माणसांकडून बाक तिकडे सरकवून घेतलं होतं. आता ओढायला कोणी नाही, मग पुढे जागा कशाला सोडायची, म्हणून. भिंत आणि बाक यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं जात होती.

तिथे माणूस उभा राहूच शकत नव्हता.

इतके दिवस रंधा तिथून ओढला जात होता.

दांडा भिंतीला टेकला होता, तरी ओढ थांबत नव्हती. मनगट पिळवटत होतं. मावशीला आत काहीतरी कट् झाल्याचं ऐकू आलं. दुखलं नाही, ते नंतर. तिने डाव्या हाताने चाचपडत लाकडी हातोडा शोधला. रंध्याच्या पाठीवर ठोका मारला की पाचर सैल होते आणि पातं सुटतं, हे ती झोपेतही विसरली नसती. तिने मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्या ठोक्याला पातं खणकन बाकावर पडलं.

ओढ थांबली.

एकदम. दोरी तुटावी तशी.

तिने बोटं सोडवली. हात पोटाशी धरून ती भिंतीला टेकली. बाहेर वखारीत करवतीचं यंत्र चालू होतं. कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. सगळं नेहमीसारखं.

आणि बाकाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीपाशी, सालींचा ढीग होता.

तो दबला...

हळूहळू. मधोमध. चुरचुर आवाज करत.

कोणीतरी दमून बसावं, तसा.

ती दार उघडं टाकून बाहेर पडली.

वखारीतल्या लोकांनी तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. मी तिला माझ्या घरी घेऊन आले. हे सगळं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. डॉक्टरांना दुखणं सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन दुकान पाहून आले. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. वय झालं, एकटी राहते, पडली असेल, असं मी मनात धरून गेले होते.

रंधा बाकावर होता, पातं बाजूला. साली होत्या. मी वाकून बाकाच्या मागच्या फटीत मोबाइलचा उजेड टाकला.

भिंतीला पांढरा चुना होता. पण तेवढ्या जागेत, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीपासून कमरेपर्यंत, तो काळपट आणि गुळगुळीत झाला होता. जुन्या दुकानात भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसाच्या पाठीचा डाग पडतो ना, तसा. घामाचा, तेलाचा.

चार बोटांच्या फटीत.

मी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. रंधा घेऊन जा म्हटलं. तो येईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहिले.

मावशी आमच्याकडे राहिली. आम्ही तिला काही कमी पडू दिलं नाही, असं मी म्हणू शकते. पण सकाळी सगळे आपापल्या कामाला निघून जायचो. संध्याकाळी परतलो की जो तो आपल्या फोनमध्ये. ती खिडकीशी बसून असायची. प्लास्टर निघाल्यावर तिने आमच्या घरातल्या सगळ्या सुऱ्या आणि कात्र्या धार लावून ठेवल्या. माझ्या नवऱ्याने टोमॅटो चिरताना बोट कापून घेतलं. मग धार लावायलाही काही उरलं नाही.

एक दिवस ती म्हणाली, "मी जाते गं आता."

मी तिच्याबरोबर गेले. तिने दुकान उघडलं. रंधा नव्हता, साली वखारीतल्या लोकांनी झाडून नेल्या होत्या. ती मधोमध उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

मीसुद्धा श्वास रोखून ऐकलं.

काही नाही.

"इथे कोणीच नाही गं," ती म्हणाली.

"मग चांगलंच झालं की, मावशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. परक्या मुलखातल्या माणसाने आपल्याशी त्याच्या भाषेत काही बोलावं, तेव्हा आपण बघतो तशी.

पुढे काही दिवस शांततेत गेले. मग भंगारवाल्याचा फोन आला.

"ताई, तुमची मावशी येऊन गेली. तो रंधा घेऊन गेली. मी नको नको म्हटलं, ऐकेना."

"तू तो विकला नव्हतास?"

तो घुटमळला.

"विकणार कोणाला, ताई? ठेवला होता गोदामात. पण..."

"पण काय?"

"मी मूठ दाराकडे करून ठेवायचो. दांडा आत. सकाळी बघावं तर दांडा दाराकडे. रोज." तो थांबला. "कोणी येतंय का, बघत असल्यासारखा."

मी रविवारी तडक मावशीकडे गेले. ती घरीच होती. चहा टाकत होती. डाव्या हाताने साखर घालत होती, उजवा अजून नीट वळत नव्हता. मी आल्याआल्या विचारलं, "रंधा कुठे आहे?"

"दुकानात."

"मावशी, त्याने तुझा हात मोडला."

"त्याने नाही मोडला." तिने गॅस बारीक केला. "मी सोड म्हटलं, तिथे चुकलं. तुला नाही कळायचं. किती वर्षं नुसता दांडा धरून उभा असेल, मागे कोणी नाही. मग कोणीतरी आलं. त्याला वाटलं असेल, चला, आता चाललं. आणि ती पण म्हणते, सोड." तिने चहा गाळला. "कोणीही घाबरून घट्टच धरेल."

"पण तो आहे कोण?"

"मी नाही विचारलं."

"तुला भीती नाही वाटत?"

तिने कप माझ्याकडे सरकवला.

"वाटते," ती म्हणाली. "पण संध्याकाळी कुलूप लावून घरी आले की वाटते ती जास्त असते."

मी चहा प्यायले. उठताना म्हटलं, "चल, मला दुकान दाखव."

"आज नको," मावशी म्हणाली. "आज सुट्टी दिलीय."

ते तिने इतकं सहज म्हटलं, की मी आधी मान डोलावली. अर्थ कळेपर्यंत मी जिना उतरून रस्त्यावर आले होते.

मी त्यानंतर त्या दुकानात गेलेले नाही. लांबून पाहते. दार उघडं असतं, रंध्याचा आवाज येतो. लांब, एकसारखा. वखारीतले लोक सांगतात, बाई खुशीत आहेत, दोन माणसांचं काम एकटीने उपसतात.

पूर्वी ती मला फोन करायची. काही ना काही निमित्त काढायची. औषधाचं नाव विचारायची, तारीख विचारायची. तिला तारीख माहीत असायची, ते मला आता कळतं. हल्ली फोन येत नाही. मीच करते. फोन बराच वेळ वाजत राहतो. मग ती उचलते, धाप लागलेली, आवाजात हसू.

तिला आता एकटं वाटत नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं.

परवा मी म्हटलं, "मावशी, या रविवारी येऊ का?"

तिने फोनवर हात ठेवला असावा, कारण आवाज एकदम दबला. ती कोणालातरी काहीतरी विचारत होती...

मग परत आली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आता कशाला येतेस?"